दिव्याची ओळख

प्रल्हादने घरातल्या यंत्रांची आपसांत मैत्री जुळवून दिली होती. त्याच्या कोटाच्या खिशातला इलेक्ट्रॉनिक टॅग फाटकाशी आला, की दारावरचा दिवा लागायचा आणि किटलीला कळवायचा, “साहेब आले, आधण ठेव.” कोट घरात शिरला, की प्रल्हादच्या खोलीत रेडिओ गायचा. प्रल्हादच्या तेराव्यानंतर पद्मिनीने नवऱ्याचे कपडे कॉर्क शहरातल्या, जुन्या वस्तू विकणाऱ्या चॅरिटी शॉपला दिले, पण टॅग काढायचा राहिला. तेव्हापासून रोज संध्याकाळी दिवा लागे, किटली उकळे आणि फाटकावरून तो कोट घातलेला आयरिश म्हातारा जाई. “आई, जस्ट डिलीट द टॅग,” लेक इंग्रजीत वैतागायची. फोनवरचं ते बटण दाबायला पद्मिनीचं बोट धजेना. आज ती फाटकाशीच थांबली. म्हाताऱ्याने टॅग तिच्या तळहातावर ठेवला. “फाटक्या खिशातून अस्तरात गेला होता, आज सापडला. तुमचा दिवा मला नाही, याला ओळखतो.” मूठ मिटून तिने उंबरा ओलांडला. रेडिओ गाऊ लागला. वरून लेकीची हाक आली, “बाबा?”