दत्तोबांचा खटका

"मिटवा," दत्तोबा म्हणाले आणि त्यांनी उघडा चाकू भैरूसमोर पाटावर ठेवला.

भैरू मुलगी बघायला आला होता. अशा वेळी प्रश्न मुलीला विचारायचे असतात, हे शेंबडं पोरही सांगेल. पण भोसरीच्या या लोहाराघरी गंगा उलटी वाहत होती. दत्तोबांच्या घडीच्या चाकूंचं चाकणच्या बाजारात मोठं नाव. पातं उघडलं की आतला खटका ते घट्ट धरून ठेवी, त्यामुळे काम करताना ते बोटांवर मिटत नसे. खटका दाबला की पातं मुकाट मुठीत जाई.

भैरूला हसू आलं. साल छप्पन. पिंपरीला नवा कारखाना निघाला होता आणि तिथे तो फिटर होता. शिवाय जातीचा लोहार. गेल्या महिन्यात बाजारात चाकू विकणारी दत्तोबांची लेक इंदू दिसली, तेव्हापासून त्याला अन्न गोड लागत नव्हतं. "करीन तर हीच," असं तो सयाजीमामांना सांगून बसला होता. आता टीचभर चाकूपायी ती हातची जाणार होती थोडीच!

त्याने अंगठ्याने खटका दाबला. पातं हललं नाही. दोन्ही अंगठे लावले. पात्याच्या पाठीवर ठोकून पाहिलं, तेल मागून घेतलं. घाम फुटला, पोहे गार झाले, सयाजीमामा उगाच खोकत आढ्याकडे बघू लागले. इंदू मान खाली घालून बसली होती, पण तिची नजर त्याच्या हातांवरून हलत नव्हती. त्यामुळे बोटं आणखीच बावचळली.

"ऱ्हाऊ द्या," दत्तोबा म्हणाले. "पोरीकडं द्या."

झालं! फिटरसाहेबांचं पितळ उघडं पडलं. धरणीने पोटात घ्यावं असं भैरूला वाटलं. चाकू हातात देऊ नये, भांडणं होतात, म्हणून त्याने तो इंदूच्या पुढ्यात जमिनीवर ठेवला. मूठ तिच्याकडे, पातं आपल्याकडे.

"मला न्हाई जमलं," तो म्हणाला. "पर खटका झ्याक हाय." आणि टोपी घालून उठला.

इंदूने चाकू उचलला. वडिलांकडे बघून हळूच मान हलवली आणि लाजून आत पळाली.

"उठता कुठं, जावईबापू? बसा!" दत्तोबा गदगदून हसले.

भैरू गोंधळला. "पर चाकू तर मिटला न्हाई!"

"त्यो कुणालाच मिटायचा न्हाई. इंदीनंच आत खिळा ठोकलाय. तुमच्या आदी पाच जण येऊन गेले, पाची जणांनी पातं तिच्याकडं करून ठिवलं."