नवी बाटली

बायको वारल्यानंतर पहिल्यांदाच त्याने व्हिस्कीची बाटली स्वतः उघडली. एरवी तो आणलेली बाटली तिच्या हातात द्यायचा आणि शनिवारी संध्याकाळी ती आतून ग्लास भरून आणायची, वर कपाळाला आठ्या घालून.

पहिल्याच घोटाला त्याला जोराचा ठसका लागला.

"भेसळ आहे यात! गंडवलं मेल्या दुकानदाराने," तो समोर बसलेल्या मेव्हण्यावरच डाफरला.

मेव्हण्याने आपल्या ग्लासातला घोट घेऊन पाहिला. "चांगली आहे की, भाऊजी. अशीच लागते ही."

"मला शिकवू नकोस. इतकी वर्षं हीच पितोय मी."

मेव्हण्याने नजर चुकवली. "तुम्हाला बीपी निघाल्यापासून ताई बाटलीत पाणी भरायची. काढलेली व्हिस्की माझ्याकडे पाठवायची आणि वर दम द्यायची, यांना बोललास तर याद राख."

तो उठला, आतून पाण्याचा तांब्या घेऊन आला. ग्लासात थोडं पाणी घातलं, घोट घेतला. आणखी थोडं घातलं, पुन्हा घेतला.

"नाही रे," तो म्हणाला. "तिच्या हातची चव नाही येत."