टांकसाळीची चूक

नाण्यांच्या बाबतीत माझी नजर घारीची. सालाखालची टांकसाळीची बारीक खूण, कडेवरचा ओरखडा, जरासा तिरका पडलेला ठसा, भिंगाखाली माझ्या नजरेतून काही सुटत नाही. घरात मात्र माझं नशीबच फुटकं. भांडी कोणी घासायची, हे लग्नापासून आम्ही बायकोच्या पर्समधल्या एका नाण्यावर ठरवतो. ती छापा मागते, मी काटा मागतो आणि घासणी माझ्या हातात येते.

काल नाण्यांचे एक व्यापारी माझा संग्रह बघायला घरी आले. माझे अल्बम त्यांनी जांभया देत चाळले. मग मी कप विसळत होतो तिथे पाणी मागायला आले, आणि ओट्यावरचं ते नाणं उचलून ओरडलेच, "अहो, याला दोन्ही बाजूंना छापाच आहे! टांकसाळीची चूक! असं लाखात एखादं निघतं. उडवून उडवून झिजवलंत हो, नाहीतर यात गाडी आली असती. तरी स्कूटरचे पैसे आत्ता मोजतो."

फेसाळलेल्या हातांनी मी बायकोकडे बघतच राहिलो. तिने शांतपणे त्यांच्या हातातून नाणं काढून घेतलं.

"विकायचं की ठेवायचं, टॉस करू या," ती म्हणाली. "छापा आला तर ठेवायचं."



आणि इतक्या वर्षांच्या सवयीने माझ्या तोंडून निघून गेलं, "चालेल. माझा काटा!"