एका गुरुवाराआड

"आज पातं जरा वर ठेवलंय, वहिनी," मशीन बंद करत लॉनवाला म्हणाला. "थंडीच्या तोंडावर फार बारीक कापलं तर मुळं उघडी पडतात."

"अकरा वर्षं दर थंडीला हेच ऐकतेय," ती पायरीवरून म्हणाली. "पाठ झालंय मला."

तो हसला, गुडघ्यावर हात टेकून सावकाश खाली बसला आणि मशीनच्या पोटात अडकलेलं ओलं गवत काठीने उकरू लागला. कापलेल्या गवताचा वास अंगणभर पसरला होता. या वासाने तिला हमखास नवरा आठवायचा. खरं तर हे अजबच, कारण त्या गृहस्थाने जन्मात कधी गवताची काडी उचलली नव्हती.

माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या भरवशावर राहणाऱ्याचं काही खरं नव्हतं. भाजी आणायला पाठवावं तर पिशवी दुकानातच विसरून यायचा. वसाहतीतल्या गल्ल्या आणि घरं सगळी एका साच्यातली, तेव्हा तो एकदा दुसऱ्याच गल्लीत शिरून परक्या दाराची बेल वाजवत उभा राहिला होता. तिचा वाढदिवस त्याला एकदाच आठवला, तोही चुकीच्या महिन्यात. तीस वर्षांच्या संसारात घरातलं एकही काम त्याने आपणहून केलं नाही, आणि सांगितलेलं तर मुळीच नाही.

ती त्याला ऊठसूट बोलायची. शेवटच्या दुपारीही बोलली होती. "गवत गुडघ्याला लागलं, घराचं रान झालं, तुम्हाला काही पडलीय का?" तो "बघतो" म्हणाला आणि त्याच संध्याकाळी बसल्या खुर्चीत गेला.

ते शब्द तिला खात राहिले. त्यानंतर आठवडाभराने, गुरुवारी सकाळी, मशीनच्या आवाजाने ती दचकून उठली. खिडकीतून बघते तर एक अनोळखी माणूस अर्धं अंगण कापून मोकळा झालेला. ती तशीच अनवाणी बाहेर धावली.

"यांनी सांगितलं होतं ना तुम्हाला? जाण्याआधी?" एवढंच तिला विचारता आलं, आणि आठवडाभर न आलेलं रडू कोसळलं.

माणसाने डोक्यावरची टोपी काढली. एकदा फाटकाकडे पाहिलं. मग म्हणाला, "हो वहिनी. तुम्ही आत बसा. मी कडा तेवढ्या नीट करून घेतो." पैशांचं विचारलं, तर "ते ठरलंय सगळं" म्हणाला.

तेव्हापासून तो एक गुरुवार आड करून येत राहिला. थंडी सरली की लोखंडी काट्याने जमीन टोचून भोकं पाडायचा, विरळ जागी बी टाकायचा. उन्हाळ्यात गवत उंच राखायचा, पानगळीत दाताळ्याने सगळी पानं ओढून पोत्यात भरायचा. आणि तिने अकरा वर्षं ज्याला त्याला ऐकवलं की आमच्या यांनी जाता जाता माझी सोय लावून ठेवली. बहिणीला तर इतक्यांदा सांगितलं की ती बिचारी हल्ली गवताचा विषय निघाला की चहा करायला उठायची. नवऱ्यावरचा तिचा सगळा राग त्या हिरवळीत विरून गेला. उशिरा का होईना, तिचा त्याच्यावर जीव जडला होता. या वयात ते कोणाला सांगायचं, एवढाच प्रश्न होता.

"वहिनी, आजचं माझं शेवटचं," लॉनवाला म्हणाला. "गुडघे गेले. पण पुतण्या येईल. त्याला सगळं समजावलंय. तुमचं काम चालूच राहणार."

नवऱ्याशी बोललेला हा शेवटचा माणूस. हाही गेला की विचारायचं कोणाला?

"भाऊ, एक विचारू? हे तुमच्याकडे आले, तेव्हा नेमकं काय म्हणाले हो?"

तो कात्रीने वाफ्याची कड कापत होता. कापलेलीच कड त्याने पुन्हा कापली.

"फार काही नाही. काळजीत होते."

"माझ्या?"

"मग काय, गवताच्या?"

ती खूप दिवसांनी खळखळून हसली. त्याने पोतं बांधलं, मशीन गाडीत चढवलं आणि मागे पुतण्याचा नंबर लिहिलेलं आपलं कार्ड तिच्या हातात ठेवून तो गेला.

ती फाटकाशी उभी असतानाच पलीकडच्या गल्लीतले बँकेचे साहेब फिरून परतत होते. बदलीपायी अकरा वर्षं बाहेर काढून, निवृत्त होऊन ते महिन्याभरापूर्वीच आपल्या घरी परतले होते. भाडेकरूंनी अंगणाची पार दैना केल्याचं ते भेटेल त्याला सांगत होते.

"काय सुरेख कापलंय हो!" ते थबकले. "माणूस कोण तुमचा?"

"आमच्या यांची निवड," ती अभिमानाने म्हणाली आणि कार्ड पुढे केलं. "तुम्हीही यांनाच बोलवा. डोळे मिटून."

साहेबांनी चष्मा वर करून कार्ड वाचलं आणि ते फुरफुरले.

"हा? नाव काढू नका! बदलीच्या आधी मी यालाच बोलावलं होतं. तुमच्याकडे ते दुःख झालं ना, त्याच्या पुढच्याच गुरुवारी. दिवसभर फाटक उघडं टाकून बसलो. शेवटी फोन केला, तर म्हणतो कसा, 'माफ करा साहेब, गल्ली चुकली, दुसऱ्याच घराचं गवत कापून आलो. आणि आता तिथे जायचं बंद करता येणार नाही.'"