विचारायचं तरी होतंस

शाल्मली ऑफिसात पोचते न पोचते तोच आईचा फोन आला.

"अगं, तुझे बाबा आज अडखळतच नाहीयेत. सकाळपासून घडाघडा बोलतायत. मला तर परक्या माणसाशी बोलल्यासारखं वाटतंय."

बाबा लहानपणापासून तोतरे. अर्धांगवायूनंतर त्यांच्या मेंदूत चिप बसवली होती आणि तिची देखभाल शाल्मलीच्याच कंपनीकडे होती.

"काल अपडेट गेलंय, आई. असले नेहमीचे बदल आधीच मंजूर असतात. दर वेळी कुणाला विचारत नाहीत."

"मंजूर कुणी केलं?"

उच्चार सुधारणं हा नेहमीचाच बदल, असं शाल्मलीनेच ठरवलं होतं.

"बाबांना फोन दे. हवं तर पूर्वीसारखं करता येईल."

"नको," बाबा स्वच्छ आवाजात म्हणाले. "जन्मभर मला असंच बोलायचं होतं. पण पोरी, विचारायचं तरी होतंस. मी हो म्हणालो असतो."

फोन ठेवून तिने तो बदल मंजूर बदलांमधून काढून टाकला. यापुढे ज्याच्या डोक्यात चिप, त्याला आधी विचारायचं.

"अगं, सगळे हो म्हणणार," शेजारच्या टेबलावरचा कौस्तुभ वैतागला. "उगाच काम कशाला वाढवतेस?"

"मग म्हणू देत की त्यांना," शाल्मली म्हणाली.