पिवळी रेघ

जुना प्रिंटर दुरुस्त करावा की दिवाळीच्या एक्स्चेंज ऑफरमध्ये देऊन टाकावा, हे दिगंबरचं काही केल्या ठरेना. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं हा प्रिंटर रोज सकाळी तांदळाच्या पातळ कागदावर छापायचा आणि आई तो कागद पाण्याबरोबर खायची.

"आधी चाचणीचं पान तर काढा," दुकानदार फोनवर म्हणाला. "काय बिघडलंय ते लगेच कळेल."

खरं तर हे पान दर रविवारी काढायचं असतं. पण त्यात औषधाची शाई उगाच वाया जाते म्हणून दिगंबरने ते उन्हाळ्यापासून बंदच करून टाकलं होतं.

पान बाहेर आलं. लाल रेघ होती, निळी होती. पिवळीचा मात्र पत्ताच नव्हता. पिवळं औषध स्मरणशक्तीचं होतं.

दिगंबरला गेल्या काही महिन्यांतलं एकेक आठवू लागलं. गॅसवर करपलेलं दूध, हरवलेल्या किल्ल्या, आणि पाहुण्यांसमोर त्याने आईला विचारलेलं, "डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"शाईचं हेड कोमट पाण्यात भिजवा, अडकलेली पिवळी सुटेल," दुकानदार सांगत होता. "नवा कशाला घेताय?"

दिगंबरने फोन ठेवला. आई दारात उभी होती. त्याचा चेहरा पाहून ती बिचकली.

"बिघडला का रे, दिगू?" तिने हळूच विचारलं. "रागावू नकोस हं. मीच काहीतरी केलं असणार. हल्ली मला काही आठवतच नाही बघ."