अठरा पाती

"मी नाही नेणार," कुंदा म्हणाली आणि डब्याची झाकणं लावू लागली.

अच्युत हिरमुसला. कारखान्याच्या आतल्या अंगणात कडुलिंबाचं झाड होतं. जेवणाच्या सुट्टीत कामगारांच्या बायकांना डबा घेऊन तिथवर येऊ देत. फाटकावर बायकांचा डबा तेवढा उघडून बघत. गड्यांना मात्र टोपीपासून चपलेपर्यंत चाचपत. म्हणून महिनाभर त्याचा बेत ठरलेला होता की शेवटच्या दिवशी कुंदाला सांगायचं. सांगितलं, तर ती अशी उखडली.

दोघांच्या मध्ये फडक्यात गुंडाळलेली अठरा पाती होती. बोटाएवढी लांब, कागदासारखी पातळ. करवतीचे मोडके तुकडे भंगारातून उचलून, सुट्टीत जेवण भराभर उरकून, त्यानं ती एकेक करून घासली होती. सेहेचाळीस साल होतं. लढाई संपून वर्ष होत आलं होतं. तोफांचं काम आटलं होतं आणि दर शनिवारी घरी पाठवायच्या माणसांची यादी लागत होती. अशा दिवसांत कुणी खिळा घेऊन बाहेर पडताना सापडला, तरी त्याची नोकरी गेलीच म्हणायची.

"काहून एवढा हट्ट करून राहिले तुम्ही?" कुंदा हळू आवाजात म्हणाली. "कुठलं जावा अन् कुठलं ते खेडं. त्यापायी आपलं घर बुडवता का?"

"ते खेडं मीच नागवलं, कुंदा."

परत आल्याला चार महिने झाले होते, पण हे त्यानं तिला सांगितलं नव्हतं. आज सांगितलं. पलटणीचा लोहार म्हणून तो जावा बेटावर गेला होता. डोंगराच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरं आणि बांबूची तीसेक घरं. नकाशात त्या गावाचं नावही नव्हतं. तीन वर्षं जपान्यांनी तिथला भात उचलून नेला होता. कोठारं झाडून रिकामी. बाया गोणपाट नेसायच्या, पोरांची पोटं फुगलेली असायची. पण त्या हंगामात पीक उभं राहिलं होतं, पिवळंधमक. आठवड्यात कापणी. आणि तेवढ्यात, गावकरी बंड करतील या धास्तीनं, गोऱ्या साहेबाचा हुकूम आला की गावातलं धार असलेलं सगळं लोखंड जमा करा.

तिथल्या बाया भाताला विळा लावत नाहीत. विळा पाहून भाताची देवी भिते आणि शेत सोडून जाते, असं त्या मानतात. म्हणून तळहातात लपेल एवढंसं पातं धरायचं आणि एकेक लोंबी बोटांत घेऊन कापायची. अच्युतनं घरोघर फिरून अशी सतरा पाती गोळा केली. अठरावं एका म्हातारीनं अंबाड्यात खोचलं होतं. तेही त्यानंच ओढून काढलं. साहेबानं सगळी नदीत टाकायला लावली.

"मग कापणी कशी केली त्यांनी?"

"नखांनी. मी चोरून एक विळा नेऊन दिला, तर म्हातारीनं हात जोडले आणि परत केला. तिसऱ्या दिवशी लोंब्यांना रक्त लागत होतं. तरी ती सगळ्यांच्या पुढंच होती."

कुंदा फडक्याकडे बघत राहिली.

"पुढची कापणी दोन महिन्यांवर आली," अच्युत म्हणाला. "माझ्या पलटणीतल्या विष्णूची सुट्टी संपली, आज संध्याकाळच्या गाडीनं तो जावाला परत चाललाय. त्याला त्या गावाची वाट ठाऊक आहे. मुठी बसवतील त्या, पोलाद कुठून आणतील? तू नेत नसशील, तर मी नेतो."

"तुम्ही? फाटकावरचा भाऊराव तुमचं तोंड पाहूनच ओळखून घेईल. मनातलं सगळं तोंडावर लिहिलेलं असते तुमच्या." ती डबा उचलू लागली. "हात धुऊन या, खरकटे आहेत."

तो नळावरून परत आला, तेव्हा ती डोक्यावरून पदर घेऊन निघालीही होती. फाटकावर भाऊराव हवालदारानं तिचा डबा उघडून पाहिला आणि तिला सोडलं. तिनं मागं वळूनही पाहिलं नाही. अच्युतला तिचा राग आला. मग वाटलं, तिचं काय चुकलं? त्यानं फडकं उचललं आणि झोळीत टाकलं.

पाच वाजता तो रांगेत उभा राहिला. पुढची माणसं एकेक करून कमी होत गेली. महिनाभर पाती ज्या वाळूच्या पेटीत लपवली होती, तिथं फडकं परत ठेवायला अजून वेळ होता. पण पाय त्यानं मागं घेतला नाही. यादीत नाव लागायचं तर लागो, म्हातारीचं देणं आज द्यायचंच.

"चलो, झोळी," भाऊराव म्हणाला. त्यानं फडकं बाहेर काढलं आणि गाठ सोडली.

आत एक कांदा होता आणि अर्धी पोळी.

"काय रे अच्युत, वहिनी पोटभर वाढत नाही का?" भाऊराव हसला. मागची रांगही हसली. कुंदानं पाती वाटेत कुठल्या नाल्यात तर फेकली नसतील? कांचघर मोहल्ल्यातल्या घरापर्यंत अच्युत जवळजवळ पळतच आला.

दारात टांगा उभा होता. विष्णू खांद्याला पिशवी लावून ओट्यावर खोळंबला होता. "वहिनी काही देतच नाहीत," तो म्हणाला. "म्हणतात, हे आल्याशिवाय नाही."

कुंदा आत पाटावर ताठ बसली होती. मानेवर रक्ताची बारीक रेघ सुकलेली होती. अच्युतला पाहून तिनं डोक्यावरचा पदर खाली घेतला आणि त्याच्याकडे पाठ केली.

"दुपारपासून मान हलवली नाही मी," ती म्हणाली. "काढा आता अंबाड्यातून एकेक. त्या म्हातारीचं तुम्हीच काढलं होतं ना?"